पट्टा बांधलाय

रात्री तीनच्या सुमाराला खरवईत तीनच जण जागे असतात. एमआयडीसीतला कुठला तरी बॉयलर, गल्लीतलं पांढरं कुत्रं आणि मी. बॉयलर आणि कुत्रं आपापल्या ड्यूटीवर असतात. मी जागी असते, कारण माझा उजवा हात झोपलेला असतो. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अलीकडची अर्धी बाजू, एवढ्या प्रदेशात मुंग्यांची वारी निघालेली असते. करंगळीला मात्र काही नाही. घरात एवढा गोंधळ चाललेला असताना भिंतीकडे तोंड करून घोरत पडणारं एखादं माणूस असतं ना, तशी ती.

मग उठून बसायचं आणि हात झटकायचा. काचेच्या जुन्या थर्मामीटरचा पारा उतरवायला झटकायचे, तसा. पाच-दहा वेळा झटकला की मुंग्या पांगतात. पहिल्या आठवड्यात एकदा आमच्या ह्यांना जाग आली. अंधारात मला बघून ते म्हणाले, "कुणाला टाटा करतेयस?"

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी मला उलटा नमस्कार करायला लावला. दोन्ही पंजे खाली सोडायचे, पाठीला पाठ टेकवायची आणि मिनिटभर तसंच थांबायचं. फॅलेन नावाच्या अमेरिकन सर्जनच्या नावाने ही चाचणी ओळखतात म्हणे. जन्मभर देवाला सुलटे नमस्कार घातले, त्यांचं फळ नेमकं कधी मिळालं ते सांगता यायचं नाही. उलट्याचं चाळीस सेकंदांत मिळालं. मुंग्या हजर.

"कार्पल टनेल," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर चित्र काढू लागले. मनगटात एक बोगदा असतो. खाली आठ बारक्या हाडांची कमान, वरून आडव्या चिवट पट्ट्याचं छत. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर एक नस. दोऱ्या जरा सुजल्या की जागा कमी पडते. हाडं सरकत नाहीत, छत वर उचलत नाही. मग दबते कोण, तर नस. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही, तिचा मार्ग वेगळा, म्हणून ती निवांत.

मला हसू आलं. डॉक्टरांना वाटलं असेल, बाईंना आजार कळलेला नाही. मला तर तो फारच कळला होता. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, दुसऱ्या वर्गाचा लेडीज डबा आणि कित्येक वर्षं रोज वाटेत १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिकचा बोगदा. आता फास्ट लोकलचा रस्ता बदलला, पण माझी जवानी त्या बोगद्यातून गेली आहे. नऊ जणी भरल्या पिशव्या घेऊन दारात उभ्या, आणि त्यांच्यामध्ये एखादी काडीसारखी कॉलेजची पोरगी. बोगद्यात गाडी शिरली की तिचा आवाजही ऐकू यायचा नाही. तीच ही नस. "जरा सरकून घे गं" म्हणायची सोय तिला नव्हती, म्हणून ती रात्री तीन वाजता मला उठवत होती.

पुढे नसेतून वीज किती वेगाने धावते याची तपासणी झाली. मनगटापाशी गाडी सिग्नलला उभी राहते, असं निघालं. थायरॉइड आणि साखर बघून झाली. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी लावून झोपा, नाही भागलं तर इंजेक्शन, तरी नाही भागलं तर छोटं ऑपरेशन, त्यात ते छतच कापून मोकळं करतात. आणि एक ताकीद: अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो सपाट व्हायला लागला, किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या, तर घरगुती प्रयोग करत बसायचं नाही, सरळ यायचं.

"हाताला काम काय असतं?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसात कीबोर्ड," मी म्हटलं. मग थोडं थांबून, "आणि उकड."

तांदळाच्या भाकरीची उकड ज्याने कधी मळली नाही त्याला हे उत्तर कळायचं नाही. पाण्याला आधण आलं की पीठ घालायचं, झाकण ठेवायचं आणि वाफ जिरायच्या आत परातीत उपसायचं. गार झाली की भाकरी चिरते, म्हणून चटके सोसत मळायची. ती बोटांनी मळली जात नाही. तळहाताचं मूळ, म्हणजे मनगटाच्या जरासं पुढे जिथे तो आडवा पट्टा आहे बरोबर तिथेच, सगळं अंगाचं वजन टाकून रेटायचं, गोळा वळवायचा, पुन्हा रेटायचं. लोण्यासारखी मऊ झाली की मग थापायची. आमच्या घरात रात्री दहा भाकऱ्या लागतात. माझी पंचवीस वर्षं आणि माझ्याआधी सासूबाईंची तीस-पस्तीस. हिशोब ज्याचा त्याने करावा.

दुखणं अंगावर काढावं, पण गावात काढू नये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मला त्या महिन्यात पुरतं समजलं, कारण मी खरोखरच जो भेटेल त्याला हात दाखवत होते. ट्रेनमधल्या मैत्रिणीने तांब्याचं कडं सुचवलं. शेअर रिक्षावाल्याने मोहरीचं तेल. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "उत्तरेला डोकं करून झोपतेस का?" आमच्या खोलीत पलंग ठेवायला दुसरी भिंतच नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी निदान पक्कं झाल्यासारखी मान हलवली.

आणि मग एका रविवारी अंबरनाथहून मामा आले.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. अंबरनाथच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर. निवृत्तीनंतर त्यांचं लक्ष मशिनांवरून माणसांवर गेलं. कुणाचा गुडघा वाजतो, कुणाची मान धरते, हे त्यांना बेअरिंगच्या आवाजावरून कळावं तसं कळतं. त्यांनी चहाच्या आधीच पिशवीतून एक खोका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत काळ्या कापडाचा मनगटी पट्टा. त्याला आतून दोन छोटे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात दहा रुपयांच्या नाण्याएवढं गुळगुळीत चुंबक.

"उल्हासनगरला घेतला," मामा म्हणाले. "साडेआठशे सांगत होता. साडेचारशेला आणला."

"म्हणजे मेड इन यूएसए," लेक आतून म्हणाली. उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा हा विनोद आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि प्रत्येक पिढीला तो आपणच केला असं वाटतं.

मामांनी प्रात्यक्षिक दाखवलं. पट्टा टेबलावर ठेवला, वर वहीचं पान धरलं आणि सासूबाईंच्या टाचणीच्या डबीतल्या टाचण्या पानावर टाकल्या. टाचण्या उभ्या राहिल्या. मग पान हळूहळू सरकवलं, टाचण्यांची पलटण कवायत करत सरकली. "कागदाच्या आरपार," मामा म्हणाले. "मग कातडीच्या आरपार जाणार नाही? रक्तात काय असतं? लोह! लोहाला कोण ओढतं? चुंबक! रक्त खेचलं गेलं की रस्ता मोकळा. उत्तर ध्रुवाने दुखणं जातं, दक्षिण ध्रुवाने ताकद येते. सूनबाई, रोज संध्याकाळी पाऊण तास बांधायचा. त्या वेळात हात अजिबात हलवायचा नाही. आणि वर तासभर गार काही घ्यायचं नाही."

मी पदवीधर बाई आहे. शिवाय माझं माहेर अलिबागचं, आणि अलिबागच्या माणसाला चुंबकाबद्दल फसवणं तसं अवघड. आमच्याकडे चुंबकाची वेधशाळाच आहे. लहानपणी तिच्या कुंपणाशेजारून जाताना वडील दर वेळी तीच गोष्ट सांगायचे. पृथ्वी हेच एक मोठं चुंबक. तिचं चुंबकत्व दिवसभरात किती कमीजास्त होतं याची नोंद ठेवायचं काम इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कुलाब्याला चालायचं. नानाभॉय मूस तिथले पहिले भारतीय संचालक. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. आता ट्रामच्या तारांमधून वीज वाहणार, वीज वाहिली की आजूबाजूला चुंबकत्व तयार होणार, आणि वेधशाळेतल्या नाजूक सुया पृथ्वीचं ऐकायचं सोडून ट्रामचं ऐकत बसणार. म्हणून १९०४ साली चुंबकाची वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला आली. इमारत बांधतानासुद्धा लोखंड टाळलं. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं ठाणं, त्यामुळे "कुलाब्याहून कुलाब्याला बदली झालेलं हे एकमेव सरकारी ऑफिस" असं वडील म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. विजेच्या ट्राम १९०७ला धावायला लागल्या, १९६४ला मुंबईतून हद्दपार झाल्या. वेधशाळा अजून सुयांवर नजर ठेवून बसली आहे.

तर मला हे ठाऊक होतं की ज्या पृथ्वीसाठी एवढी यातायात केली, तिचं आमच्या भागातलं चुंबकत्व अर्ध्या गॉसहूनही थोडं कमी भरतं. गॉस हे चुंबकाची ताकद मोजायचं माप. मामांच्या खोक्यावर छापलं होतं, १००० गॉस. म्हणजे पृथ्वीच्या दोन हजार पट जोर माझ्या मनगटावर, साडेचारशे रुपयांत! हे सगळं ठाऊक असूनही मी हात पुढे केला. मामा अंबरनाथहून उन्हातून आले होते. आणि रात्री तीन वाजता ज्याचा हात झोपतो, त्याची पदवी त्या वेळी जागी असतेच असं नाही.

त्या संध्याकाळी सात वाजता मी पट्टा बांधून हॉलमधल्या खुर्चीत बसले. पट्टा बांधलेला हात उशीवर, तळवा वर. समोर खिडकीतून चंदेरीचा सुळका काळा होत चालला होता. इतकी वर्षं मी या घरात राहते, पण संध्याकाळी सातला चंदेरी कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. त्या वेळी मी नेहमी ओट्याकडे तोंड करून असते.

"आई, माझा टॉप कुठेय?" आतून हाक आली. मी उठणार, तोच मामा गरजले, "तिने पट्टा बांधलाय!"

आणि चमत्कार झाला. टॉप सापडला. तो कपाटात होता. तो नेहमीच कपाटात असतो. पण आजवर माझा हात आत गेल्याशिवाय ते कपाट तो परत देत नसे.

पुढच्या आठवड्यात या दोन शब्दांचं सामर्थ्य मला कळत गेलं. "पट्टा बांधलाय." दाराची बेल वाजली, पट्टा बांधलाय. कुकरची तिसरी शिट्टी झाली, पट्टा बांधलाय. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, माझ्या मनगटाकडे बघितलं, आणि एखाद्या विद्युत उपकरणाजवळून जावं तसे जपून वळसा घालून गॅस बंद करायला गेले. मामांनी एकदा फोन करून विचारलं, "पाऊण तास पुरा करते ना?" तर सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ लावून बसते." त्यात तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही. उकडीचं पीठ सासूबाई मळायला लागल्या. कधी ह्यांनी नाक्यावरून पोळ्या आणल्या. घर बुडालं नाही.

आणि हो, हाताला उतार पडला. आठवड्यात मी एकदाच उठले, पुढच्या आठवड्यात एकदाही नाही. डॉक्टरांची पट्टी मी रात्री लावतच होते, पण ती अंधारात, पांघरुणाखाली. तिचं नाव कुणी घेतलं नाही. श्रेय दिवाबत्तीच्या वेळी हॉलमध्ये मांडून बसलेल्या पट्ट्याला गेलं. आपल्याकडे श्रेयाचं नेहमी असंच असतं.

लेक अकरावीला सायन्सला आहे. तिला हे सहन होईना. एका रविवारी मामा पुन्हा आलेले असताना तिने तोफ डागली.

"आजोबा, रक्तात लोह असतं, पण ते खिळ्यासारखं नसतं. हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं. त्याला चुंबक खेचत नाही. प्राणवायू घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित लांबच सरकतं. बाबांचा मागच्या वर्षी कमरेचा एमआरआय झाला ना? ते मशीन १५,००० गॉसचं असतं. रक्त खेचलं जात असतं तर बाबा आतल्या आत भिंतीला चिकटले असते."

"आणि कंबर होती तशीच राहिली," हे म्हणाले. वीस मिनिटं त्या नळकांड्यात काढल्याचा अनुभव त्यांनी पुराव्यादाखल पहिल्यांदाच वापरला.

मामा डगमगले नाहीत. "जोराने काय होतंय? मात्रा महत्त्वाची."

"बरं, मग जोराचंच ऐका. हॉलंडमध्ये १९९७ साली शास्त्रज्ञांनी एक जिवंत बेडूक हवेत तरंगवला, चुंबकावर. त्यातले एक पुढे नोबेलही घेऊन गेले, दुसऱ्या कामासाठी. त्याला दीड लाख गॉसच्या वर जोर लागला. आणि तो तरंगला लोहामुळे नाही, पाण्यामुळे. पाण्याला चुंबक हलकेच ढकलतं, त्यामुळे."

"बेडकाला बरं वाटलं का पण?" सासूबाईंनी विचारलं.

मग तिने शेवटचं अस्त्र काढलं. अमेरिकेत २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अगदी माझंच दुखणं असलेली तीस माणसं घेतली. निम्म्यांच्या मनगटावर १००० गॉसचं खरं चुंबक, निम्म्यांच्या मनगटावर हुबेहूब दिसणारं खोटं. पंचेचाळीस मिनिटं बांधून ठेवलं. मग किती दुखतंय ते विचारलं. खऱ्यावाल्यांचं दुखणं बरंच कमी झालं होतं.

"बघा!" मामा म्हणाले.

"आणि खोट्यावाल्यांचंही तेवढंच."

हॉलमध्ये थोडा वेळ पंख्याचाच आवाज राहिला. २०१०मध्ये पुन्हा साठ माणसं घेऊन सहा आठवडे रात्रभर चुंबकं बांधून बघितली, तेव्हाही तोच प्रकार: खरं काय नि खोटं काय, सगळ्यांनाच आराम. तिने आणखी मागे जाऊन इंग्लंडमधल्या बाथ गावच्या डॉक्टर हेगार्थची गोष्ट सांगितली. त्या काळी पर्किन्स नावाच्या अमेरिकन वैद्याच्या दोन धातूच्या कांड्यांचं फार खूळ होतं. दुखऱ्या भागावरून फिरवल्या की त्या दुखणं ओढून घेतात म्हणे. त्यांना नाव होतं ट्रॅक्टर. हेगार्थने १७९९ साली लाकडाच्या कांड्या करून धातूसारख्या रंगवल्या आणि पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला.

"लाकडाचा ट्रॅक्टर?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे बैलगाडीच की."

खरं सांगायचं तर मामांच्या बाजूनेही थोडं बोलण्यासारखं आहे, आणि लेकीनेच ते कबूल केलं. नुसतं बांधून ठेवलेलं चुंबक वेगळं आणि क्षणाक्षणाला बदलणारं चुंबकत्व वेगळं. बदलत्या चुंबकत्वाने तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवलं, आणि नस ही शेवटी विजेवर चालणारी वस्तू. म्हणून मोठ्या इस्पितळांत वेटोळ्यातून झटके देणारी यंत्रं असतात. न जुळणाऱ्या हाडासाठी, औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ती वापरतात. मनगटाच्या नसेवरही तसे लहानसहान प्रयोग झाले आहेत, पण पैजेवर सांगावं असं अजून त्यातून काही हाती लागलेलं नाही. मामांच्या पट्ट्याचा त्या यंत्राशी संबंध म्हणाल तर, भिंतीवरच्या चित्रातल्या धबधब्याचा बारवीच्या धरणाशी असतो तेवढा.

मामा जाताना गप्प होते. चपला घालताना मला म्हणाले, "सूनबाई, तुला बरं वाटलं ना?" मी म्हटलं, "वाटलं, मामा." ते खरंच होतं. "मग झालं," ते म्हणाले.

त्या रात्री मला वाटलं, एकदा पट्टा उलगडून ती चुंबकं नीट बघावी तरी. कप्प्याचं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. दुसरा कप्पा उघडला. त्यात जाड पुठ्ठ्याची गोल चकती.

मी हॉलमध्ये आले. सासूबाई दिव्याखाली बसून गोधडीला टाके घालत होत्या. त्यांच्या गुडघ्याशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्याच्या झाकणाला आतून दोन गुळगुळीत काळी चुंबकं चिकटलेली, आणि त्यांच्याभोवती सुया आणि टाचण्या, सूर्याला किरणं असावीत तशा.

"आई, ही कधी काढलीत?"

"झाले की पंधरा-वीस दिवस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सुई पडली की मला आता दिसत नाही. परवा पोरीच्या पायात गेली असती. ही जमिनीवरून फिरवली की सुई आपणहून येते. पुठ्ठा का घातला म्हणशील, तर पट्टा पोकळ लागायला नको."

पंधरा-वीस दिवस. म्हणजे ज्या रात्री मी पहिल्यांदा न उठता झोपले होते, त्या रात्री मामांचे १००० गॉस सुया गोळा करत होते. आमच्या घरात, अमेरिकेतल्या कुणालाही न कळवता, नकली पट्ट्याचा प्रयोग पार पडला होता, तोही गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हातून. लेकीला सांगितलं असतं तर तिने प्रोजेक्ट केलं असतं. मी सांगितलं नाही.

रात्री मनगटाला डॉक्टरांची पट्टी लावून मी छताकडे बघत पडले. पुठ्ठ्याने कुणाचं दुखणं जात नाही, एवढं मलाही कळतं. मग गेलं कशाने? रात्रीच्या पट्टीने थोडं गेलं असेल. काही दुखणी आपल्या पायांनीच येतात आणि जातात. पण माझा संशय त्या पंचेचाळीस मिनिटांवर आहे. रोज संध्याकाळी, तळवा वर, हात उशीवर. पंचवीस वर्षांत त्या हाताला दिवसाउजेडी कुणी असं बसवून ठेवलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "माझा हात दुखतोय" असं मी महिनाभर म्हणत होते. सगळ्यांनी ऐकलं, उपाय सुचवले आणि ताट वाढायची वाट बघत बसले. "पट्टा बांधलाय" म्हटल्यावर मात्र घर जागचं हललं. दुखणं नुसतं तोंडाने सांगून चालत नाही. त्याला काही तरी बांधलेलं दिसावं लागतं: प्लास्टर, सलाईनची नळी, निदान कपाळाला सुंठ. विश्रांती म्हणजे आळस आणि उपचार म्हणजे उपचार. आमच्यासारख्या घरात विश्रांती घ्यायची तर तिला उपचाराचं पातळ नेसवून बाहेर काढावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मी सवयीने पट्टा काढला. बांधावा की नाही, असा विचार करत खुर्चीपाशी उभी होते. आतून परातीचा आवाज आला. सासूबाई उकड उपसत होत्या. वाफेत त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते. त्यांनी तळहाताचं मूळ गोळ्यावर टेकवलं, रेटलं, आणि थांबल्या. मग हात परातीबाहेर घेऊन झटकला. पाच-सहा वेळा. थर्मामीटरचा पारा उतरवावा तसा.

मी बघतेय हे त्यांना कळलं. हातावर पाणी घेऊन पीठ धुतलं, पदराला हात पुसला आणि त्या हॉलमध्ये आल्या. माझ्या खुर्चीत बसल्या. उशी मांडीवर ओढून घेतली.

"आज मला बांध," त्या म्हणाल्या.

"आई, त्यात पुठ्ठा आहे."

"मला माहीत नाही होय? मीच घातलाय."

त्यांचा तळवा मी उशीवर वर करून ठेवला. अंगठ्याच्या बुडाशी बोट लावून बघितलं. उंचवटा होता, पण माझ्यापेक्षा पुष्कळ बसलेला. शनिवारी त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं मी मनाशी ठरवलं, उलट्या नमस्काराला. पट्टा दोन वेढ्यांत बसला. मनगट माझ्याहून बारीक निघालं.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "हा चंदेरी का?" त्यांनी विचारलं. लग्न होऊन त्या खरवईत आल्या त्याला पन्नास-पंचावन्न वर्षं झाली आहेत.

इतक्यात हे आले, बूट काढत स्वयंपाकघरात डोकावले. परातीत उकड अर्धी मळलेली, तवा गार. "आज भाकऱ्या कोण करतंय?"

आम्ही दोघींनी एकाच वेळी उत्तर दिलं. उत्तर दोनच शब्दांचं होतं. ते क्षणभर उभे राहिले, मग बाह्या वर करून परातीकडे गेले. पहिली भाकरी कोकणच्या नकाशासारखी झाली. तिसरी बरी होती.